पुढच्या दुकानापर्यंत

सदुसष्टाव्या वर्षीही त्याला सगळे धाकटाच म्हणत. थोरला जाऊन आठ वर्षं झाली होती, पण नाव काही बदललं नाही. दोघे भाऊ गवंडी. एकाच भिंतीच्या दोन टोकांना उभं राहून त्यांनी उमर काढली. मधे दोरी ताणलेली, थोरला डावीकडे, धाकटा उजवीकडे.

वर्षातून एकदा, बांधकामं थंड असत तेव्हा, दोघे पंधरा दिवस चालायला जात. डोंगराच्या धारेवरून एक लांबच लांब वाट गेली होती. ती एका दमात चालायची तर सहा महिने हवेत, आणि गवंड्याला सहा महिन्यांची रजा कोण देणार? म्हणून त्यांनी वाटेचे तुकडे पाडले. यंदा जिथे थांबायचं, पुढच्या वर्षी तिथूनच पाऊल टाकायचं. अशी चौदा वर्षं गेली. एकच तुकडा उरला आणि थोरल्याचा गुडघा गेला. मग थोरलाच गेला.

उरलेला तुकडा अकरा दिवसांचा होता. धाकट्याने तो यंदा चालायचं ठरवलं. यंदा नाही तर कधीच नाही, हे त्याला डॉक्टरने सांगायची गरज नव्हती. सिमेंटची गोणी उचलताना अंगात किती उरलंय ते माणसाला बरोबर कळतं.

लेकीने विरोध केला नाही. ती फक्त म्हणाली, "बाबा, मी खाण्याची पार्सलं करते. वाटेतल्या टपाल कचेऱ्यांत पाठवते. हल्ली पार्सल कुठवर पोचलं ते फोनवर दिसतं."

"नको."

"मग खाणार काय?"

"दुकानात असेल ते."

"आणि दुकानात काही नसेल तर?"

"दुकानात काही नसेल तर ते दुकान कसलं?"

लेकीने कपाळाला हात लावला.

पार्सलाचा अनुभव भावांनी पहिल्याच वर्षी घेतला होता. वहिनीने मोठ्या हौसेने तीन खोकी बांधली आणि पुढच्या टपाल कचेऱ्यांच्या पत्त्यावर धाडली. पहिलं मिळालं. दुसऱ्या गावी पोचले तर कचेरीला कुलूप. मास्तर सासुरवाडीला गेलेला, येणार परवा. दोघे पायरीवर बसले. दीड दिवस बसले. समोरच्या दुकानात पाव होते, अंडी होती, टोमॅटो होते, केळ्यांचे घड टांगले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी थोरला ताडकन उठला.

"धाकट्या, आपण बिनडोक आहोत. माणूस समोर पाव विकतोय आणि आपण कुलपाकडे बघत बसलोय."

पार्सल हाती आलं तेव्हा त्यातल्या तांदळाला साबणाचा वास लागलेला. कपडे धुवायला म्हणून वहिनीने वडी त्यातच ठेवली होती. चार दिवस दोघांनी साबणाचे ढेकर दिले. तिसरं खोकं त्यांनी सोडवलंच नाही. त्यानंतर तेरा वर्षं जे घेतलं ते वाटेतल्या दुकानातून घेतलं.

त्याचं एक शास्त्र थोरल्याने बसवलं होतं. दुकानात यादी घेऊन शिरायचं नाही. आधी फळ्या बघायच्या, मग काय शिजवायचं ते ठरवायचं. नासणारं असेल ते तिथेच पायरीवर बसून खायचं, कारण पोटातलं वजन खांद्याला लागत नाही. मग कोरडा माल: तांदूळ, डाळ, शेंगदाणे, खजूर, दुधाची पावडर. माणशी दिवसाला पाऊण किलो. पुठ्ठे, डबे, झाकणं दुकानातच टाकायची आणि माल कापडी पिशव्यांत भरायचा. फळीवरचं शेवटचं पाकीट घ्यायचं नाही. "आपण जाणारे," थोरला म्हणायचा, "इथल्यांना इथेच राहायचंय." आणि निघताना दुकानदाराला विचारायचं: पुढचं दुकान कुठे, ते चालू आहे का, बंद कोणत्या वारी असतं?

उत्तरं थोरला वहीत लिहायचा. अक्षर असं की बघतच राहावं, एकेक ओळ विटांच्या थरासारखी. शेवटच्या तुकड्याची माहितीही त्याने गुडघा जायच्या आधीच इकडून तिकडून विचारून लिहून ठेवली होती. तीच वही धाकट्याच्या पिशवीत होती.

पहिल्या दुकानात त्याने सहा दिवसांचा माल घेतला. बाहेर बसून दोन वाट्या दही आणि चार केळी खाल्ली. सगळं रीतीप्रमाणे झालं. फक्त शेवटचा प्रश्न त्याने विचारला नाही. दुकानदार समोर उभा होता, काम नव्हतं, गप्पा मारायला तयार होता. पण वहीत लिहिलेलं होतं: "सहावा दिवस, दगडखाण. दुकान मोठं. सगळं मिळतं." थोरल्याच्या अक्षरात असताना परक्याला काय विचारायचं?

पाच दिवस बरे गेले. पाठ कुरकुरली, पण रोज पिशवी पाऊण किलोने हलकी होत होती, त्यामुळे हिशेब जुळत होता. चालता चालता तो अजून वाटेच्या उजव्या अंगालाच असायचा. डावीकडची जागा मोकळी ठेवून. हे त्याच्या तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. त्याने सवय मोडायचा प्रयत्न केला नाही.

सहाव्या दिवशी दुपारी तो खाणीच्या वस्तीवर उतरला तेव्हा पिशवीत मूठभर खजूर आणि अर्धा मग तांदूळ उरला होता. अगदी बरोबर. थोरला असता तर पाठीवर थाप मारली असती.

दुकान मोठं होतं. दार लोखंडी, गंजून एकजीव झालेलं. पन्हळीत गवत उगवलं होतं.

"काय हवंय?" शेजारच्या घरातून एक बाई बाहेर आली. सत्तरीची, खणखणीत.

"हे दुकान कधी उघडतं?"

"चार वर्षांपूर्वी उघडायचं. माझंच होतं. खाण बंद पडली, माणसं गेली, मग फळ्यांना काय विकणार?"

धाकटा पायरीवर बसला. "मग तुम्ही लोक माल कुठून आणता?"

"दर गुरुवारी खालून गाडी येते."

"आज वार कुठला?"

"शुक्रवार," ती म्हणाली, आणि त्याचा चेहरा बघून तिला हसू आलं. "पाहुणे, तुम्ही फार नेमके आलात हो!"

पुढचं दुकान वाट संपते तिथे, तिठ्यावर. पाच दिवसांवर. मागचं सहा दिवसांवर. मूठभर खजुरात दोन्ही जमत नव्हतं.

"उद्या आमचा शेजारी खाली दवाखान्यात जाणार आहे," बाई म्हणाली. "त्याच्या गाडीत बसा. गुरुवारी मालाच्या गाडीतून परत या."

धाकटा मान हलवत राहिला. खाली गेलं की काय होणार ते त्याला दिसत होतं. फोन लागणार. लेक न्यायला येणार. तोंडाने काही बोलणार नाही, फक्त पिशवी हातातून काढून घेईल. एकदा खाली उतरलेला माणूस पुन्हा वर चढत नाही, निदान सदुसष्टाव्या वर्षी नाही.

"माझ्याकडचं घेऊन जा मग," बाई म्हणाली आणि तिने कपाट उघडून दाखवलं.

धाकट्याने सवयीने फळ्या बघितल्या. तांदूळ, डाळ, बटाटे, अंडी. एका माणसाला गुरुवारपर्यंत पुरेल इतकंच. त्यातून त्याचे तीन दिवस निघाले असते. उरलेले दिवस उपाशी काढले असते, तिनेही आणि त्यानेही.

"नको," तो म्हणाला.

"मग इथे बसून हवा खाणार?"

तो तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघत होता. धुराड्याजवळ हात जाईल एवढी भेग पडली होती.

"ही कधीची?"

"दोन वर्षं झाली. गवंडी कुठे उरलाय इथे? सगळे खाणीबरोबर गेले. नऊ घरं आहेत, नऊही घरांत काही ना काही पडतंय."

"थापी आहे कुणाकडे?"

थापी निघाली, झिजून चमच्याएवढी झालेली. सिमेंटच्या दोन गोण्या एकाच्या पडवीत होत्या. वाळू आणि दगड तर खाणीचेच. बाईने नऊ घरांत निरोप फिरवला: गवंडी आलाय, जो जेवायला घालील त्याचं काम होईल. तासाभरात भांडणं लागली.

"आधी माझी पायरी!"

"तुझ्या पायरीला काय घाई? तू तर खिडकीतूनही शिरशील!"

धाकट्याने क्रम स्वतः ठरवला. ज्या भिंतीखाली माणसं झोपतात ती आधी, पायऱ्या शेवटी. एक दिवस, एक घर, दोन वेळचं जेवण. कुणाचंच कपाट रिकामं होत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी एक गोठ्याची भिंत पुरी नव्याने रचायची होती. लांब भिंत, दोरी लावावीच लागणार. एक टोक खुंटीला बांधता आलं असतं, पण खाली जमीन होती ती दगडच, खुंटी शिरेना. बाई म्हणाली, "आणा इकडे, मी धरते." आणि डाव्या टोकाला जाऊन उभी राहिली.

धाकट्याने पुढे केलेली दोरी हातातच धरून ठेवली. त्या टोकाला दुसरं कुणी त्याने कधी बघितलं नव्हतं.

"काय झालं? धरू ना?"

"धरा. ताण सोडू नका."

"ताण काय सोडतेय? दुकानात तीस वर्षं गिऱ्हाइकं सांभाळलीत मी." पण बोलताना तिचा हात हले, दोरी लोंबे, आणि दगड अर्धा बोट खाली बसे.

"बाई, एक तर बोला, नाही तर दोरी धरा."

"दोन्ही जमत नाही होय तुम्हाला?"

"मला जमतं. दोरीला जमत नाही."

ती हसली आणि दोरी आणखी लोंबली. त्याने तो दगड काढून पुन्हा बसवला. थोरला कामावर कधी बोलत नसे. दिवसभरात दोन शब्द, तेही 'वर' आणि 'खाली'. चाळीस वर्षं त्या शांततेची सवय झालेल्या माणसाला या बडबडीत भिंत सरळ उतरेल असं वाटलं नव्हतं. संध्याकाळी त्याने ओळंबा लावून बघितला. उतरली होती.

गुरुवारी गाडी आली. वस्तीतली माणसं आधी, म्हणून धाकटा रांगेत शेवटी उभा राहिला. त्याचा नंबर आला तेव्हा बाई शेजारी येऊन उभी राहिली. त्याने डब्यातली फळं उचलली तशी ती म्हणाली, "ठेवा ते. पाकातलं पाणी वाहून नेणार डोंगरावर? मनुका घ्या. आणि डाळ अख्खी नको, भरडलेली घ्या, लवकर शिजते, जळण वाचतं."

भरडलेली डाळ. एवढी साधी गोष्ट थोरल्याला तेरा वर्षांत सुचली नव्हती. धाकट्याने मुकाट्याने डाळ बदलून घेतली.

पिशवी पाठीवर घेतली तेव्हा पाठीने तक्रार केली नाही, किंवा केली असेल, पण सहा दिवस दगड उचलल्यावर तिला ती पिशवी हलकीच वाटली असावी. नऊ घरांतली माणसं आपापल्या दारात उभी होती. बाई म्हणाली, "पुन्हा या." दोघांनाही माहीत होतं की तो येणार नाही. तो "येतो" म्हणाला.

पाच दिवसांनी, दुपारी चारच्या सुमाराला, वाट एका डांबरी तिठ्यावर येऊन संपली. तिथे पाटी नव्हती, कठडा नव्हता. धाकट्याने पलीकडच्या बाजूला जाऊन मागे वळून बघितलं. बावीस-तेवीस वर्षं लागली होती. मग त्याने लेकीला फोन लावला.

"पोचलो."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "काकांच्या वहीप्रमाणे झालं ना सगळं?"

"नाही," धाकटा म्हणाला. "एके ठिकाणी दादा साफ चुकला होता."

आयुष्यात हे वाक्य त्याने पहिल्यांदाच उच्चारलं होतं. उच्चारलं आणि त्याला हसू फुटलं, असं की डोळे पुसायला खिशातून रुमाल काढावा लागला. लेक विचारत राहिली, "बाबा? अहो बाबा, काय झालं? चुकला म्हणजे काय?"

"घरी आल्यावर सांगतो. मोठी गंमत आहे. आता ठेव, मला सपाटून भूक लागलीय."