प्लायवूडच्या चर्चबाहेरचे बूट

आखातातल्या मेसईदच्या त्या शेडमध्ये शिरले आणि माझं डोकंच फिरलं. चर्चच्या दाराबाहेर सेफ्टी शूजच्या चार जोड्या ओळीनं लावून ठेवलेल्या. आत चार सुतार, हातात हातोडे आणि पाय अनवाणी.

"बाळू! बूट कुठायत?" मी ओरडले.

"भायेर काढल्यात, ताई," बाळू सुतार शांतपणे म्हणाला. जणू मी पत्ता विचारला होता.

मी सेफ्टी ऑफिसर. कामावर कुणाला इजा होऊ नये हे बघणं माझं काम, आणि ते मी आवडीनं करते. लोक पाठीमागे मला 'हेल्मेटबाई' म्हणतात, तेही मला माहीत आहे. सेफ्टी शूज म्हणजे पुढे पोलादी टोपी आणि तळाशी पोलादी पत्रा असलेले बूट. वरून काही पडलं किंवा खाली खिळा असला तरी पाय वाचतो. या कामावर क्लायंटचा नियम कडक होता. बूट न घालता काम करताना दिसलात तर 'रिमूव्हल', म्हणजे साइटवरून हकालपट्टी. आमच्या कंपनीत त्याचा अर्थ एकच होता. व्हिसा रद्द आणि गावाकडचं विमान.

ही वर्ल्ड कपच्या आधीच्या वर्षांतली गोष्ट. आम्ही तात्पुरती बांधकामं करायचो. मांडव, स्टेज, प्रेक्षकांचे स्टँड. त्या धामधुमीत एका फ्रेंच दिग्दर्शकाचं काम आलं. ज्युलियन त्याचं नाव, तिशीतला पोरगेलासा माणूस, त्याची ही दुसरीच फिल्म. गोष्ट एका पाद्र्याची. तो बंदरावरच्या मजुरांसाठी गोदामात छोटं चर्च उभारतो, मजूर भक्तीनं यायला लागतात, आणि इकडे त्याचाच देवावरचा विश्वास उडत जातो. ते चर्च आम्ही शेडमध्ये प्लायवूडचं बांधत होतो. आत बाक, वेदी आणि भिंतीवर लाकडी क्रूस.

क्रूस आदल्या दिवशी बाळूनंच बसवला होता. तेव्हापासून बूट बाहेर.

"अरे, हे खोटं चर्च आहे," मी म्हणाले. "शूटिंग झालं की मोडायचंय."

"गणपती बी बुडवतोच की आपण. म्हणून काय चपला घालून आरती करतो व्हय?"

बाळू मूळचा सांगलीकडचा. त्याच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी बोलणं. पण खिळ्याला देव कळत नाही. मी काम बंद केलं, चौघांना बूट घालून बाहेर बसवलं आणि यावर काय करायचं याचा विचार करायला लागले. तेवढ्यात फादी आला. हा क्लायंटचा, म्हणजे फिल्मवाल्यांचा, लेबनीज प्रॉडक्शन मॅनेजर. त्यानं आधीच दारातून अनवाणी सुतारांचा फोटो काढला होता आणि तो माझ्या बॉसला पोचलाही होता.

कुरियन सरांचा फोन लगेच आला. "मॅडम, फोरमन बाळू. रिमूव्हल लिहा. खलास."

"सर, काम मी थांबवलंय. चूक आहेच. पण एवढ्यासाठी माणूस घरी पाठवायचा?"

"क्लायंटला तसं हवंय. बाकीच्यांना जरब बसली पाहिजे."

"एक विचारू? तुमच्या कोट्टायमच्या चर्चमध्ये बूट घालून जातात?"

ते म्हणाले, "बाहेर काढतो. पण ते खरं चर्च आहे."

"बाळूला हेही खरंच वाटतं, सर."

"संध्याकाळपर्यंत लिहून पाठवा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मला राग आला होता, आणि तो बाळूचाही आला होता. त्याच्या हट्टापायी त्याचा सगळा बाडबिस्तरा गुंडाळला जाणार होता. पेन हातात घेऊन मी चर्चच्या दारात उभी राहिले. आत पाद्र्याची भूमिका करणारा नट तालीम करत होता. वेदीपासून दारापर्यंत हळूहळू चालत येत होता. त्याच जमिनीवरून, त्याच भुशातून.

अनवाणी!

मी शिट्टी फुंकली. "स्टॉप वर्क!"

स्टॉप वर्क हा सेफ्टी ऑफिसरचा अधिकार. धोका दिसला की काम जागच्या जागी थांबवायचं. मग समोर कुणीही असो, त्याला ते सुरू करता येत नाही. निदान कागदावर तरी असंच आहे.

फादी धावत आला. "मॅडम, हे काय? स्क्रिप्टमध्येच तो अनवाणी आहे!"

"सुताराच्या स्क्रिप्टमध्येपण तेच आहे."

"तो आर्टिस्ट आहे!"

"असू दे. खिळा विचारून घुसत नाही. लिहा दोघांचं रिमूव्हल. एक फोरमनचं, एक हिरोचं. मी दोन्हींवर आत्ता सही करते."

"उद्या शूटिंग आहे! मी तुमच्या बॉसशी बोलतो."

"बोला. आत्ताच फोन ठेवलाय त्यांनी."

आरडाओरडा ऐकून ज्युलियन आला. मी त्याला सुतारांनी बूट का काढले ते सांगितलं. तो थक्क झाला. "पण डोक्यावर हेल्मेट तशीच आहेत की! मला सकाळपासून खटकतंय. चर्चमध्ये डोकं उघडं ठेवायचं असतं. पायांचं काय एवढं?" आदल्या दिवशी हाच माणूस मला सांगत होता, की आपण देव मानत नाही.

मी बाळूला ते मराठीत सांगितलं. बाळू दुखावला. "बोडक्यानं देवाम्होरं? असलं कसलं वळण!"

मला हसू आलं, पण शिट्टी मी खिशात टाकली नाही. माझं म्हणणं साधं होतं. एक तर सगळ्यांच्या पायांत बूट, नाही तर जमीन अशी करा, की कुणालाच त्यांची गरज पडणार नाही. बाळू बूट घालून आत पाऊल टाकायला तयार नव्हता. फादीनं रागारागानं चार ठिकाणी फोन फिरवले, दुसरे सुतार मिळतात का बघितलं. मिळणार कुठून? हातोडा धरता येणारा प्रत्येक माणूस तेव्हा स्टेडियमवर होता.

शेवटी माझ्या मनासारखं झालं. ठोकाठोकी सगळी बाहेर, बूट घालून. आत लोहचुंबक फिरवला, तर मूठभर खिळे निघाले. ते मी नेऊन फादीच्या टेबलावर ठेवले. मग माझे बूट काढून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत स्वतः चालले आणि लिहून दिलं, की उंबऱ्याच्या आत बांधकाम संपलं आहे, इथे बूट सक्तीचे नाहीत. हिरोचं रिमूव्हल फादीला परवडणारं नव्हतं, म्हणून बाळूचंही बारगळलं.

दुसऱ्या दिवशी ज्युलियन माझ्याकडे आला, डोळे चमकत होते. दाराबाहेर बूट काढून आत जाणारे सुतार त्याला फिल्ममध्ये हवे होते. मी बाळूला विचारलं.

"न्हाई," बाळू म्हणाला. "क्यामेऱ्यासाठी न्हाई काढत आमी. सायबाला सांगा."

"तुझं नाव येईल फिल्ममध्ये."

"देवाम्होरं नाटक करू व्हय?" त्यानं नाड्या बांधल्या आणि चहाला निघून गेला. ज्युलियनला मी एका शब्दात भाषांतर करून दिलं, 'नो'. त्याचा चेहरा पडला. मला मात्र फार बरं वाटलं.

कारवाई झालीच, फक्त नाव बदललं. लेखी वॉर्निंग मला मिळाली. स्टॉप वर्कचा गैरवापर आणि क्लायंटशी उद्धट वागणूक. कुरियन सरांनी कागद पुढे सरकवला. "मॅडम, खाली शेऱ्यात सॉरी लिहा आणि विषय संपवा."

कुणाचा पाय आहे ते बघून बदलणारा नियम सेफ्टीचा नसतो. इतकी वर्षं नोकरी करून माझ्या हाती लागलेलं शहाणपण एवढंच. मी शेऱ्याच्या जागी मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलं, "पुन्हा दिसलं तर पुन्हा थांबवीन," आणि सही केली.

कुरियन सरांनी अर्थ विचारला. मी सांगितला. त्यांनी कागदाकडे एकदा बघितलं, पेन उघडलं आणि माझ्या सहीखाली आपली सही केली.