सर्व्हरवरचं दुसरं फूल

दसऱ्याच्या सकाळी शेजारच्या फोटो स्टुडिओत डोकावलो, तर वहिनी कॅमेऱ्यांना हळदकुंकू लावून सर्व्हरच्या काळ्या डब्यावर झेंडूचं फूल वाहत होत्या. अख्ख्या गावाची लग्नं त्या डब्यात आहेत.

"आता सगळ्याची एक प्रत क्लाउडवरही जाते," त्यांचे यजमान अप्पा मला म्हणाले. "उद्या इथं आग लागली तरी फोटो राहतील."

डबा जवळ असतो, त्याची घरघर ऐकू येते, फोटो मागितला की लगेच मिळतो. पण दुकानावर जे येईल ते त्याच्यावरही येणार. लांबचं सुखरूप असतं, पण नेट गेलं की आपलंच आपल्याला दिसत नाही. जपायचं म्हणजे जवळ धरायचं की दूर ठेवायचं, हे मला माणसांच्या बाबतीतही कधी नीट कळलेलं नाही.

"क्लाउड म्हणजे नेमकं कुठं हो?" वहिनींनी अप्पांना विचारलं.

"कुठल्यातरी लांबच्या शहरात, असाच एक डबा."

"मग आज त्याची पूजा कोण करणार?"

अप्पा हसले. वहिनींनी ताटातलं आणखी एक फूल उचललं आणि पहिल्याच्या शेजारी ठेवलं.

"फोटो इथूनच जातात ना? मग हेही पोचेल."