त्याच्या आधी काय झालं होतं

शिकवणीतली मुलं तिला आधीबाई म्हणायची. पाठीमागेच, पण तिला ऐकू जाईल अशा बेताने. कुणी फ्रेंचमध्ये काहीही सांगितलं की तिचा प्रश्न ठरलेला असायचा, "बरं. आणि त्याच्या आधी?"

फ्रेंच भाषेत भूतकाळाच्या पाठीमागे आणखी एक भूतकाळ उभा असतो, अंधारात. त्याचं नाव प्लू-क-पारफे. तो बनवायला अवघड नाही. दोन सहायक क्रियापदांपैकी योग्य ते निवडायचं, ते अपूर्ण भूतकाळात घालायचं आणि त्याच्या शेजारी मुख्य क्रियापदाचं कृदन्त बसवायचं. 'ज'आवे मांजे', मी खाल्लं होतं. 'एल एते पार्ती', ती निघून गेली होती. मुलं हे चुटकीसरशी पाठ करायची आणि वापरताना हमखास आपटायची. आपली मराठी जीभच तशी. आपण म्हणतो, "काल मी बाजारात गेलो होतो," आणि खुशाल गप्प बसतो. फ्रेंच माणूस बिचारा वाट बघत राहतो. गेला होतास, ते कशाच्या आधी? पुढे काय झालं?

"'होतं' ही शिडी आहे," आधीबाई सांगायची. "तिला टेकायला भिंत लागते. हवेत उभी केलीत तर पडाल तोंडावर."

म्हणून फळ्यासमोर तिने एकामागे एक अशा दोन खुर्च्या मांडल्या होत्या. पुढची घडलेल्या गोष्टीची, मागची त्याच्याही आधी घडलेल्या गोष्टीची. पुढच्या खुर्चीत बसून पोरगी म्हणायची, "दार वाजलं." मग उठून मागच्या खुर्चीत जायची आणि म्हणायची, "मी दिवा विझवला होता." बाकीची हसायची. पण ती पोरगी हा काळ पुन्हा कधी चुकायची नाही.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत हा वर्ग तिने आणि नवऱ्याने उभा केला होता. नवरा उच्चार घोटून घ्यायचा, ती व्याकरण शिकवायची. धाकटा दीर प्रवेश, झाडलोट, फळा पुसणं असली कामं बघायचा. त्याला फ्रेंच तिनेच शिकवलं, स्वयंपाकघरात, तो मटार सोलत बसलेला असताना. हुशार होता. "वहिनी, तुमच्यासारखं मला या जन्मी जमायचं नाही," म्हणायचा, आणि दाण्यांतले कोवळे दाणे निवडून स्वतःच खायचा.

मग नवरा गेला. ती काही दिवस आईकडे जाऊन राहिली. परत आली तेव्हा वर्गाच्या दाराला तिची किल्ली लागेना. ती किल्ली फिरवत राहिली. आतून आवाज आला, "बरं. आणि त्याच्या आधी?" आवाज दिराचा होता. मुलं नेमकी तिथेच हसली, जिथे तिच्या वेळी हसायची.

तिने दार बडवलं. दिराने ते वीतभर उघडलं.

"वहिनी, तुम्ही कशाला आलात? आराम करा की."

"भाऊजी, कुलूप कुणी बदललं?"

त्याने मान जरा मागे वळवली, मुलांना दिसेल अशी, आणि कपाळाच्या कडेला बोट टेकवलं. बस, एवढंच. त्या एका बोटाने तिचा निकाल लावला. आठवडा उलटायच्या आत सगळ्या गल्लीला ठाऊक झालं की नवऱ्यामागे बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. भाजीवाली तिच्याशी मोठ्याने आणि एकेक शब्द सुटा करून बोलू लागली. कालपर्यंत पोरांना तिच्या हवाली करणाऱ्या आया तिला बघून रस्ता ओलांडू लागल्या. ती रागाने बोलली तर म्हणायचे, "बघा, झटका आला." शांत राहिली तर म्हणायचे, "बघा, कशी शून्यात बघते."

काळ हे औषध आहे म्हणतात. तिला ते लागू पडलं नाही. इतरांचा राग गंजतो, तिचा परजला गेला. गावाच्या दुसऱ्या टोकाला भाषांच्या परीक्षा घेणारी संस्था होती. तिथे तिला तोंडी परीक्षक म्हणून काम मिळालं. ती नेमाने जायची, गुण द्यायची, घरी यायची. भांडी घासताना सगळं पुन्हा मनात मांडायची. दिराच्या तोंडून, तिसऱ्या माणसासमोर, एकदा सगळं वदवून घ्यायचं होतं. दुसरं काही नको होतं.

संधी चालत आली. वर्ग चालवणाऱ्या प्रत्येकाने वरच्या पातळीची परीक्षा द्यायलाच हवी, नाहीतर त्याची मुलं इथे बसवून घेतली जाणार नाहीत, असा संस्थेने नियम काढला. उमेदवारांत दीर होता. कार्यालयातल्या कारकूनबाईंनी विचारलं, "यात कुणी नात्यातलं, ओळखीतलं? आत्ताच सांगा हं, मागून भानगड नको."

"माझं कुणी नाही यात," ती म्हणाली. हे खोटं आहे असं तिला वाटलंही नाही.

"आणि जोडीला दुसरा परीक्षक कोण देऊ?"

"आपले ग्रंथपाल द्या."

कारकूनबाई हसल्या. "त्यांच्याबरोबर कुणी बसायला मागत नाही. काय ती बडबड! तोंडात तीळ भिजत नाही त्या माणसाच्या."

"मला चालेल," आधीबाई म्हणाली.

परीक्षेच्या खोलीत एक टेबल होतं, काचेचा जग होता, एक पंखा होता, तो फिरताना दर फेरीला चुकचुकायचा. दीर आत आला, तिला बघून उंबऱ्यातच अडखळला. परीक्षक कोण ते उमेदवाराला दार उघडेपर्यंत कळत नसे. ओळख सांगितली असती तर परीक्षा पुढे ढकलली गेली असती, आणि वर्ग तोवर बंद. तो "बोंजूर मादाम," म्हणाला आणि बसला. तीही फ्रेंचमध्येच म्हणाली, "तुम्ही वर्ग चालवता ना? तो तुमच्या हाती आला त्या दिवसाबद्दल सांगा."

"मी शिकवायला सुरुवात केली," तो म्हणाला. "आधीच्या बाई निघून गेल्या होत्या." 'एल एते पार्ती.' सहायक क्रियापद बरोबर, कृदन्त बरोबर. ग्रंथपालांनी कौतुकाने मान डोलावली.

"ए आवाँ सा?" तिने विचारलं. आणि त्याच्या आधी?

"त्या आजारी पडल्या होत्या."

"आणि त्याच्या आधी?"

"त्यांचा नवरा, माझा भाऊ, वारला होता."

"त्या आजारी आहेत असं कुणी सांगितलं होतं? डॉक्टरांनी?"

पंखा चुकचुकला. दिराने रुमाल काढला. परक्या भाषेत खोटं बोलायला शब्द फार लागतात. खऱ्याला थोडे पुरतात. तो खोट्यासाठी शब्द शोधत होता आणि ते मिळत नव्हते. ती त्याच्याकडे बघत होती, मुलाचं उत्तर जिभेवर आलंय हे ओळखून थांबावं तशी.

"मी सांगितलं होतं," तो म्हणाला.

"का?"

"मला वर्ग हवा होता."

ग्रंथपाल खुर्चीच्या कडेवर आले. गुण द्यायचे असतात हे ते विसरलेच होते. "मग? मग?"

"त्या परत यायच्या आधी मी कुलूप बदललं होतं," दीर म्हणाला. "वर्ग त्यांनी उभा केला होता. मला त्यांनीच शिकवलं होतं." एकेक वाक्य निर्दोष, एकेक शिडी भिंतीला टेकलेली. आधीबाईला आत काहीतरी गरम, दाट उतरत गेल्यासारखं वाटलं. दया नव्हती ती. तिने तपासून बघितलं, नव्हतीच.

"अरेरे!" ग्रंथपाल म्हणाले, उत्साहाच्या भरात सरळ मराठीत. "आणि ती वहिनी? ती कुठे असते हल्ली?"

दिराने मान वर केली. इतका वेळ त्याच्या डोळ्यांत भीती होती, आता ती गेली. तोही त्याच घरातला होता, डाव उलटवणं त्यालाही येत होतं.

"तुमच्या शेजारी बसलीय," तो म्हणाला.

ग्रंथपालांचा चष्मा नाकाच्या टोकावर आला.

"मीच ती," ती म्हणाली.

"झालं!" दीर उठला. "परीक्षा रद्द. माझा वर्ग गेला, पण तुमची नोकरीही गेली, वहिनी. नातं लपवलंत. मिळालं समाधान?"

"अजून पुरतं नाही, भाऊजी," ती म्हणाली. "बघू या."

कार्यालयात जाऊन तिने स्वतःच सांगितलं. कारकूनबाईंनी कपाळावर हात मारला. "मी विचारलं नव्हतं का तुम्हाला? धडधडीत विचारलं होतं!"

"विचारलं होतंत," ती म्हणाली, आणि ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

ती जिना उतरू लागली तेव्हा फाटकापाशी घोळका जमला होता. दारवान, चहावाला, मुलांना न्यायला आलेल्या दोघी-तिघी आया, आणि मधोमध ग्रंथपाल. तेवढ्या वेळात त्यांची गोष्ट बरीच पुढे गेली होती.

"आणि कुलूप बदलून थांबला नाही हो! तिची पुस्तकं, भांडीकुंडी, सगळं उचलून रस्त्यावर फेकलं मेल्याने!"

"अगं बाई!" एकजण म्हणाली. "आणि आपण तिलाच वेडी म्हणत होतो. माझी मुलगी जाते त्याच्याकडे. आजपासून बंद."

"माझीही," दुसरी म्हणाली.

आधीबाई शेवटच्या पायरीवर थांबली. भांडी कुणी फेकली नव्हती. पुस्तकं अजून त्याच खोलीत, त्याच कपाटात होती. तिने जन्मभर कुणाचं चुकीचं वाक्य पुढे जाऊ दिलं नव्हतं. लग्नाच्या आमंत्रणातला एखादा शब्दसुद्धा ती दुरुस्त करायची.

ग्रंथपालांना ती दिसली. "काय हो बाई, खरं ना? सामान रस्त्यावर?"

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिने पिशवीचा बंद खांद्यावर नीट केला.

"पाऊसही पडत होता," ती म्हणाली आणि फाटकाबाहेर पडली.