दुसऱ्या वेळचे उत्तर

"मी जशी आहे तशीच राहावी, असे मला वाटते." हे वाक्य जयवंतीने मुंज तलावाच्या काठी बसून लिहिले. ती घरी परतली तोवर स्टोव्हवरचे दूध आटून पातेले काळे पडले होते. तिचे वडील तात्या ओट्यावर बसून जळका वास घेत होते.

"किती वाक्यं झाली?" त्यांनी विचारले.

"चौतीस."

"आणि पातेली?"

"हे तिसरं, तात्या."

जयवंती माझ्या बायकोची धाकटी बहीण. तात्या धार संस्थानच्या दप्तरखान्यात कारकून होते. संस्थान गेले, पण जुन्या कागदांना दोऱ्याने बांधायची त्यांची सवय गेली नाही. आई लवकर वारल्यामुळे घर जयवंतीने सांभाळले आणि खाजगी विद्यार्थिनी म्हणून मानसशास्त्रात एम. ए. केले. लग्नाचे दोन-तीनदा जमत आले आणि का कोण जाणे, राहिले. तिच्याशी बोलताना समोरचा माणूस मध्येच थांबे. तिची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेलेली असे आणि तिथे कोणी उभे आहे असे वाटून तो मागे वळून बघे.

धारच्या एका खाजगी महाविद्यालयात ती सहा वर्षे तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवत होती. १९८३ च्या ३० जूनपर्यंत तिने पीएच. डी. चा प्रबंध दाखल केला तर जागा कायम होणार होती, नाहीतर दुसऱ्याला मिळणार होती. तसे संस्थेने लेखी कळवले होते. अडतीस वर्षांच्या बाईला दुसरी अशी जागा मिळणे कठीण होते, हे तिला आणि आम्हा सगळ्यांना ठाऊक होते.

तिचा विषय मला समजायला वेळ लागला. माणूस स्वतःला किती घट्ट धरून बसतो, हे ती मोजू पाहत होती. मी असा आहे, मी तसला नाही, मला हे शोभत नाही, हे जे आपण आयुष्यभर मनात म्हणत असतो, त्याची पकड किती, हे मोजायचे. त्यासाठी तिने चौतीस वाक्यांची प्रश्नावली केली. प्रत्येक वाक्यापुढे पाच चौकटी होत्या, 'अगदी खरे' पासून 'अजिबात नाही' पर्यंत. प्रश्नावली भरवशाची आहे हे दाखवण्याची रीत सरळ होती. तीच माणसे, तीच वाक्ये, तीन आठवड्यांनी पुन्हा. दोन्ही वेळच्या उत्तरांचा मेळ बसला पाहिजे. पूर्ण मेळ म्हणजे एक, अजिबात नाही म्हणजे शून्य. इंदूरचे तिचे मार्गदर्शक यशवंतराव सरांनी सांगितले होते, सत्तर शतांशांच्या खाली आले तर माझ्याकडे येऊ नका.

मी बी. कॉम. असल्याने आकडेमोड माझ्याकडे आली. देवासला कारखान्याच्या कचेरीत नोकरी असल्यामुळे माणसे गोळा करणेही माझ्याकडेच आले. सत्तर जण धारच्या जुन्या मराठी घरांतले. उरलेले सत्तर आमच्या देवासच्या वसाहतीतले, कारखान्यांसाठी महाराष्ट्रातून आलेले, आणि थोडे सोनकच्छकडचे. ज्यांना हिंदी शाळेमुळे मराठी वाचायला जड जाई, त्यांना जयवंती वाक्ये वाचून दाखवी. तेव्हा तिचा आवाज अगदी हळू होई. टेकडीखालच्या आमच्या घरात दुपारी पडदे ओढलेले, पंखा फिरतोय, आणि ती म्हणतेय, "लोक मला विसरतील, या विचाराने मला भीती वाटते." पंख्याखाली बसलेली बाई उत्तर द्यायचे विसरून खिडकीकडे बघत राही. मग जयवंतीही तिकडेच बघे. एका प्रश्नावलीला अर्धा तास पुरेल असा माझा अंदाज होता. दीड-दीड तास लागे.

पहिली फेरी छान झाली. दुसऱ्या फेरीला घोळ झाला.

आमच्या शेजारचा मालोजी, कारखान्यात फिटर, कागद हातात घेताच बायकोला ओरडून म्हणाला, "ए, बाहेर ये! अपनी तो सप्लीमेंट्री आ गई!"

"सप्लीमेंट्री नाही हो," जयवंती म्हणाली. "तुम्ही नापास नाही झालात."

"ताई, पास झालेल्याला कोणी दुसऱ्यांदा पेपर देतं का? रहने दो. या वेळी मी बरोबर लिहितो."

आणि त्याने पहिल्या वेळेच्या बरोबर उलट खुणा केल्या. त्याच्या बायकोने त्याच्या कागदावरून उतरवून घेतले. वर ती म्हणाली, "ह्यांचा नंबर गेला तर माझा पण जाऊ दे, दोघं मिळून मार खाऊ."

मेळ निघाला त्रेचाळीस शतांश. मी तीनदा करून पाहिला. एप्रिल संपत आला होता.

मग मी सगळ्या जोड्या पुन्हा पाहिल्या. बहुतेकांची उत्तरे थोडीफार इकडेतिकडे सरकली होती, पण बावीस जणांची पार उलटली होती. ते बावीस कागद बाजूला ठेवून मेळ काढला, तर चौऱ्याहत्तर आला. त्या रविवारी मी धारला गेलो आणि दोन्ही आकडे जयवंतीपुढे ठेवले.

"हे बावीस कागद खराब झालेले समज," मी म्हणालो. "सूचना न समजल्यामुळे वगळले, असं एका ओळीत लिही. त्यात खोटं काही नाही. मालोजीला खरंच समजलं नव्हतं."

तिने दोन्ही कागद घेतले आणि आम्ही तलावाच्या काठी जाऊन बसलो. दुपारच्या उन्हात तलाव नुसता पांढरा दिसत होता.

"बावीसही जण मालोजी आहेत का, दाजी?"

"ते कसं कळणार?"

"विचारून."

कॉलेजला सुट्ट्या लागल्या होत्या. पुढचे तीन आठवडे ती आमच्याकडे राहिली आणि दारोदार फिरली. माझी बायको, जिला ती अक्का म्हणते, रोज संध्याकाळी तिला ऐकवी, "जनगणनावाली आली बरं का! आज किती डोकी मोजली?" जयवंती हसून पाय धुवायला जाई. सोळा जणांनी सांगितले की आम्ही नापास झालो असे वाटले, किंवा नवऱ्याला, जावेला विचारून लिहिले. ते ऐकून मला हायसे वाटले. सहा उरले होते.

त्यांतली पहिली रुक्मिणी. सोनकच्छला, भोपाळच्या रस्त्यावर. नवरा मंडीत धान्य तोलायच्या कामावर, ती घरी ब्लाऊज शिवी. तिच्याकडे मी जयवंतीबरोबर गेलो होतो. ओट्यावर शिलाई मशीन, समोरून बसगाड्या जात होत्या. घरात सासू भवानीबाई निजल्या होत्या.

"रुक्मिणीबाई, 'मी जशी आहे तशीच राहावी' याला तुम्ही पहिल्यांदा 'अगदी खरे' लिहिलंत," जयवंती म्हणाली. "नंतर 'अजिबात नाही'. चुकून झालं का?"

"नाही ताई. पहिल्यांदा बिल्कुल सच लिहिलं होतं."

"आणि दुसऱ्यांदा?"

"तेव्हा पण सच." तिने मशीनचे चाक हाताने थांबवले. "हसाल तुम्ही."

"नाही हसणार."

"तुम्ही गेल्यावर ते वाक्य इथेच बसलं, मशीनपाशी. शिवता शिवता मी म्हणायची, मी जशी आहे तशी, मी जशी आहे तशी. कशी आहे? लग्न होऊन आले तेव्हापासून घरात म्हणतात, आमची रुक्मिणी गरीब, कुठे जायची नाही, काही मागायची नाही. मला पण तेच वाटायचं. छान वाटायचं. मग एक दिवस बघते, तर समोरच्या बसमध्ये खिडकीशी मीच बसलेली."

आतून भवानीबाईंचा आवाज आला. "कोणाशी बोलतेस गं?"

"शाळेतल्या बाई आल्यात, आत्याबाई! तुम्ही निजा." आवाज उतरवून ती पुढे म्हणाली, "निळं पातळ नेसलेली. माझ्याकडे बघितलं पण नाही तिने. दुसऱ्या दिवशी पुन्हा. कधी भोपाळकडे जाते, कधी देवासकडे. आता मी वाट बघते तिची. तर तुम्ही दुसऱ्यांदा कागद दिला, तेव्हा मला ठरवताच येईना, मी ही ओट्यावरची का ती. म्हणून लिहिलं, अजिबात नाही. चूक झाली का, ताई?"

"नाही," जयवंती म्हणाली. एक बस आली, थांबली. आम्ही तिघांनीही तिच्या खिडक्यांकडे पाहिले. शेतकरी होते, एक कोंबड्यांची टोपली होती.

उरलेल्या पाच जणांकडेही असेच काही निघाले. प्रत्येकाचे वाक्य वेगळे, पण ते तीन आठवडे घरात येऊन राहिले होते आणि माणसाला जरा हलवून गेले होते.

शेवटच्या घरून परतताना मी म्हणालो, "मग सोळा वगळ. हे सहा ठेव."

"मेळ किती येतो?"

मी सांगितले. सहासष्ट.

"म्हणजे सत्तर हवे तर ह्या सहांनाही काढायला हवं," ती म्हणाली. "दाजी, मी काय मोजायला निघाले होते? स्वतःला कोण घट्ट धरतं आणि कोण सैल. ज्याने घट्ट धरलंय तो दोन्ही वेळा तेच लिहिणार. ज्याची पकड सुटली तो बदलणार. आणि बदलला म्हणून मी त्याला काढून टाकू? मग माझ्याकडे उरतील ते फक्त घट्टवाले. आणि मालोजीला काढलं, तर आपले लोक दुसऱ्यांदा विचारलेल्या प्रश्नाला काय समजतात, हे कुठे लिहू? मला तर एकशे चाळीसही जण हवेत."

"नोकरी जाईल."

"हो," ती म्हणाली. तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे नव्हती. थेट माझ्याकडे होती.

तक्ते माझ्या अक्षरात होते. मेळाच्या रकान्यात मी त्रेचाळीस लिहिले. बावीस जणांचे बोलणे तिने एका वेगळ्या प्रकरणात घातले आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही इंदूरला गेलो. यशवंतराव सरांनी पाने चाळली, चष्मा काढला.

"बाई, हे आकडे घेऊन मी कुठे जाऊ?"

"तुम्ही कुठे जाऊ नका, सर. मी सोनकच्छला जाऊन आले."

"तुमची प्रश्नावली प्रमाणित झालेली नाही."

"हो. तेच लिहिलंय मी, पान एकशे बारावर. का झाली नाही ते पुढच्या चाळीस पानांत आहे."

सर वाईट गृहस्थ नव्हते. ते प्रकरण त्यांनी तिथेच बसून वाचले, दोनदा चहा मागवला. शेवटी म्हणाले, "वाचायला फार चांगलं आहे. सही मी करू शकत नाही. ते बावीस काढा, आज करतो."

जयवंतीने पाने गोळा केली, कडा जुळवल्या आणि नमस्कार करून उठली.

३० जून गेला. महाविद्यालयातली जागा दुसऱ्या बाईंना मिळाली. ऑगस्टात जयवंतीला अमझेऱ्याच्या एका शाळेत नोकरी लागली, पगार कमी आणि रोजचा प्रवास. तात्यांनी प्रबंधाची ती हस्तलिखित प्रत दोऱ्याने बांधून आपल्या कपाटात ठेवली. त्याआधी त्यांनी ती चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून, सबंध वाचली. आठ दिवस लागले. वाचून झाल्यावर त्यांनी तिला एवढेच विचारले, "ती चौतीस वाक्यं माझ्यासमोर कधी वाचली नाहीस?"

"तुम्ही घरचे ना, तात्या. घरच्यांचं चालत नाही."

"आता कोणाला दाखवायचंय?" ते म्हणाले. "वाच."

ती त्यांच्या शेजारी ओट्यावर बसली आणि पहिले वाक्य वाचले. तात्यांनी डोळे मिटून घेतले. जयवंतीने त्यांना घाई केली नाही.