आन्सेल्म आणि पावाची टोपली

फ्रान्समधल्या आमच्या लियों शहरात जेवणं दोन प्रकारची. एका जेवणाला लोक भूक लागली म्हणून बसतात. दुसऱ्यात भूक लागलीय हे दिसू द्यायचं नसतं. आन्सेल्म पेराशों या दुसऱ्या प्रकारच्या एका बड्या रेस्टॉरंटातला मुख्य वाढपी. मी तिथल्याच स्वयंपाकघरात सॉस करायचो, त्यामुळे त्याचा तोरा मी जवळून पाहिलाय.

नदीकाठच्या साध्या खाणावळीत लोक पावानं ताटली चाटूनपुसून स्वच्छ करतात. आमच्याकडे ते पाप. म्हणून सॉस येताच आन्सेल्म पावाची टोपली अशी अलगद उचलायचा, की गिऱ्हाइकाला वाटावं आपल्यालाच नको होती. मग ताटलीतल्या दोन-चार थेंबांचं तो इतकं कौतुक सांगायचा की ते निवून जायचे. स्वतः त्यानं तो सॉस कधी चाखला नव्हता. आम्हा नोकरांना संध्याकाळी मागच्या दाराशी बटाटे मिळत.

त्याची बायको यूगेत लग्नापासून रोज रात्री एकटी जेवायची. "असं काय आहे तिथे, मला एकदा बघू दे," एवढाच तिचा हट्ट. निवृत्तीच्या दिवशी मालकानं दोघांना पाहुणे म्हणून बसवलं, आणि आन्सेल्मला एकच धास्ती. हिला आवडलं नाही, तर आपण जन्म कशात घालवला हे हिला काय सांगायचं?

सॉस आला. त्यानंच शिकवून तयार केलेल्या जॉसलीन या वाढपिणीनं टोपली उचलली.

"अगं, पाव कुठे नेतेस?" यूगेत म्हणाली.

"हळू बोल," आन्सेल्म कुजबुजला. "इथे पावानं पुसत नाहीत."

"मग हा रस?"

"तो ताटलीत राहू द्यायचा."

"कुणासाठी? भांडी घासणाऱ्यासाठी?"

तिनं सरळ बोट बुडवून चाखलं. मी दाराच्या फटीतून बघत होतो. माझाच सॉस, माझाही जीव टांगणीला.

"छान आहे," ती म्हणाली. "पण एवढ्यासाठी मी रोज एकटी जेवले होय रे?"

आन्सेल्म उठला, जॉसलीनच्या हातातली टोपली घेतली आणि दोघांच्या मधोमध ठेवली. पावाचा एक तुकडा तिला दिला, दुसऱ्या तुकड्यानं स्वतः ताटली पुसू लागला.

शेजारच्या टेबलावर नेहमी येणारे एक वृद्ध न्यायाधीश बसले होते. इथे पावाविना जेवण्यात त्यांची कितीतरी वर्षं गेली होती.

"आन्सेल्म, इकडेही जरा टोपली आणता?"

तो सवयीनं अर्धा उठलाच. यूगेतनं त्याची बाही धरून खाली ओढली.

"बस रे. जेवतोयस ना तू."