मीकातच्या अलीकडे

विमानात बसले तेव्हा मनात ओढ कमी आणि धास्तीच जास्त होती. खोटं कशाला सांगू? मुंबई ते जेद्दा साडेतीन हजार किलोमीटर, साडेपाच तास, असं लेकानं मोबाईलवर पाहून सांगितलं. मी म्हटलं, "अकोल्याहून अमरावतीले एसटी दोन तास म्हणते अन् तीन लावते. तुह्या विमानाचा काय भरवसा?"

उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला जाणाऱ्यानं मीकातच्या हद्दीआधी नियत करायची असते, म्हणजे मनाशी संकल्प करून लब्बैक, 'मी हजर आहे', म्हणायचं. ही हद्द जेद्दाच्या अलीकडे आहे आणि विमान ती वरूनच ओलांडतं. तिथे ना पाटी, ना नाका. चुकलं तर मागे फिरा, नाहीतर बकऱ्याची कुर्बानी द्या. कुर्बानीचं काही नव्हतं हो. पण माझे शोहर उमऱ्याचीच आस मनात घेऊन गेले. त्यांच्या माघारी मी निघाले आणि दारातच चुकले, तर जिवाला लागून राहिलं असतं.

शेजारीण म्हणाली होती, मुंबईतच नियत करून मोकळी हो. लेक ऐकेना. "विमान रद्द झालं त एहरामच्या बंधनात अडकून पडू, नखंही कापता यायचं नाही. मी गजर लावला ना अम्मी, तू झोप निवांत."

गुडघ्याची गोळी घेतली होती, डोळे जड झाले. मिटताना एवढंच म्हटलं, या अल्लाह, मी झोपले तर तूच उठव.

कोणीतरी खांदा हलवला. खिडकीशी बसलेली केरळची नर्स, कामावर परत चाललेली. "आंटी, ज़रा जाने दो." असा राग आला! आत्ताच जायचं होतं हिला? कुरकुरत उठून वाटेत उभी राहिले, तर पुढच्या रांगेत एक म्हातारबाबा हात उचलून लब्बैक म्हणत होते.

"मीकात गया क्या, बाबा?"

"नहीं बहन, आ रहा है. पढ़ लो."

लेक घोरत होता. त्याला गदागदा हलवलं. दोघांनी नियत केली, लब्बैक म्हटलं. थोड्या वेळानं बाबा समोरच्या पडद्यावरचा नकाशा पाहून म्हणाले, ओलांडलं.

गजर वाजला तो जेद्दाला सामानाची वाट पाहताना. शहाण्यानं गजर लावला आपल्या वेळेचा आणि मग मोबाईलचं घड्याळ केलं तिकडच्या वेळेचं, अडीच तास मागे! त्याचं तोंड एवढंसं झालं. मी रागावले नाही. त्यानं त्याच्या परीनं केलंच होतं. बाकीचं आपल्या हाती नसतं, हे मलाच उशिरा कळलं.

तिकडे विमानात ती नर्स पोरगी जागेवर परतली होती तेव्हा मी रडत होते. "घुटना दुखता है क्या आंटी? सॉरी, उठाना पड़ा." मी नुसता तिचा हात धरला.

काबा पहिल्यांदा नजरेस पडला की मागितलेली दुआ कबूल होते म्हणतात. घरून बरंच ठरवून नेलं होतं. पण ओठांवर आधी आली ती तिच्यासाठीची दुआ. नाव विचारायचं राहून गेलं होतं. म्हटलं, तुला ठाऊक आहे ती कोण. तूच तर पाठवली होतीस.