सुतक कोणी पाळलं?

ती घटना अजून मनातून गेलेली नाही. गणेश चतुर्थीचा आदला दिवस, सकाळचे अकरा. जुईनगरच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी, माझा हवालदार, सोसायटीचे सेक्रेटरी आणि दोन पंच हजर होतो. कपाटात रोख अकरा हजार दोनशे रुपये आणि सहा लाख चाळीस हजारांच्या ठेव पावत्या मिळाल्या. खाटेवर साठीतला, एकटा राहणारा गृहस्थ. झोपेतच गेला होता.

अकस्मात मृत्यूची नोंद केली, रोकड ठाण्यात जमा केली, फ्लॅटला सील लावलं.

"साहेब, वारस नसला तर फ्लॅट कोणाचा?" सेक्रेटरींनी विचारलं.

"जाहीरनामा निघतो. मुदतीत कोणी आलं नाही, तर सरकारजमा."

"मग थकलेला मेंटेनन्स सरकार भरणार?"

हवालदार म्हणाला, "अर्ज करा. वाट बघायची सवय लागेल."

विसर्जन आटोपल्यावर ठाण्यात निनावी फोन आला. मृताचा थोरला भाऊ उरणजवळ मोऱ्याला राहतो म्हणे. आम्ही गेलो. म्हातारा ओट्यावर जाळं विणत होता. फोटो दाखवला. त्याने पाहिला आणि परत दिला.

"नाय वलखत. मना भाव नाय."

तसा जबाब घेतला. वारस नाकारतो आहे, पुढे काय करणार?

जाहीरनामा लागला तेव्हा मात्र वारस स्वतः चालत आला. मोऱ्याचाच, चाळिशीचा, गळ्यात जाड साखळी. मृताच्या वारलेल्या मधल्या भावाचा मुलगा म्हणून त्याने दावा केला. दोन साक्षीदार आणि प्रतिज्ञापत्र तयार होतं. तहसील कार्यालयाने चौकशी आमच्याकडे पाठवली. कागद मला खटकले नाहीत. चहा मागवून मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो.

"गणपती किती दिवसांचा असतो तुमच्याकडे?"

"पाच! यंदा लायटिंग बघायला पाहिजे होती साहेब. सगळी आळी आमच्याकडे."

"आणि काका गेल्याचं कधी कळलं?"

"त्याच दिवशी. गावभर झालं ना."

हवालदार उरणकडचाच. त्याने कप खाली ठेवला. "सख्खा काका गेला, आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत गणपती आणलास? दहा दिवसांचं सुतक कुठे ठेवलं होतंस, पार्किंगमध्ये?"

त्याचा चेहरा उतरला. तासाभरात साक्षीदारही फुटले. नातं नव्हतंच. फक्त आडनाव एक होतं. जाता जाता तो चिडून म्हणाला, "आळीत एकाच घरात गणपती आला नाही. त्या म्हाताऱ्याला विचारा."

आम्ही आधी मोऱ्याच्या मूर्तिकाराकडे गेलो. शेडच्या कोपऱ्यात प्लास्टिकखाली एक मूर्ती होती. म्हाताऱ्याने थोडे पैसे आगाऊ देऊन सांगितलेली. न्यायला तो आलाच नव्हता.

तिथून म्हाताऱ्याच्या ओट्यावर गेलो. या वेळी खिशातून फोटो काढला नाही. एवढंच म्हणालो, "बाबा, मूर्ती अजून तिथेच आहे."

त्याने जाळं बाजूला ठेवलं. मग तो बोलला. सरकारने घेतलेल्या वडिलांच्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला प्लॉट धाकट्याने परस्पर विकला होता. त्यातूनच तो फ्लॅट आला. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"मग भाऊ नाही म्हणालात, आणि त्याचं सुतक पाळलंत?"

"घर सरकारनी नेला तरी चालल. पन सुतक सरकार पालल काय?"

तोतयावर गुन्हा दाखल झाला. म्हातारा कोर्टात जायला तयार नव्हता. "त्याच्या पैशाला हात लावनार नाय," म्हणायचा. हवालदाराने समजावलं, "नका लावू. पण त्या साखळीवाल्यासारखा दुसरा लावेल." तेव्हा कुठे त्याने अर्जावर अंगठा दिला.

त्यानंतर वारसाची चौकशी आली की मी कागद वाचतो, आणि मयताच्या दहा दिवसांत त्या घरात काय शिजलं, तेही विचारतो.

फ्लॅट आणि ठेवी थोरल्या भावाला मिळाल्या. सोसायटीचा मेंटेनन्स चुकता झाला. सरकारजमा काही झालं नाही. ठाण्यातले अकरा हजार दोनशे त्याने माझ्यासमोर घेतले आणि त्यातले पंधराशे तिथूनच हवालदाराच्या हाती मूर्तिकाराला पाठवले. न नेलेल्या मूर्तीची बाकी.